भोंगा सर

आमच्या कॉलेजात सकाळचं राष्ट्रगीत संपलं की व्हरांड्यातल्या भोंग्यातून आधी दोन फुंकरा ऐकू यायच्या, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "मंडळी, कान इकडे." हे चौधरी सर. अर्थशास्त्र शिकवायचे आणि विद्यार्थी विकास विभाग सांभाळायचे. कॉलेजात जे काही होणार असेल, मुलांना जे काही मिळणार असेल, ते त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं काम या विभागाचं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, एसटीचे पास, वसतिगृहातल्या जागा, वक्तृत्व स्पर्धा, नोकरी मेळावा, पोलीस भरतीचं मोफत मार्गदर्शन. हे सगळं ते आधी मराठीत सांगत, मग अहिराणीत, आणि शेवटी डोंगरातल्या मुलांसाठी पावरीत. सरांचं घर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांचं, घरातलं बोलणं गुजरीत. अहिराणी गावाने शिकवली. पावरीचं विचारलं तर म्हणायचे, "पोरांनी शिकवली, फुकट."

मुलं त्यांना भोंगा सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा नव्या शिपायाने त्यांच्या तोंडावरच विचारलं, "भोंगा सर कोठे भेटतीन?" तर म्हणाले, "इथेच. बोल."

मी तिथे मराठी शिकवत होते. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर. सूचना लिहून झाली की कागद माझ्याकडे सरकवत, "मॅडम, ऱ्हस्वदीर्घ बघा." मी तपासून दिलेला कागद ते फलकावर लावत खरे, पण फलकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद काय बोलस? बोलस तो मानूस," असं म्हणत ते पुन्हा माइककडे वळत. फलक वाचायला तीच मुलं येतात ज्यांना आधीच सगळं ठाऊक असतं, हे त्यांचं मत. ज्याला ठाऊक नसतं तो फलकाकडे बघतच नाही, कारण तिथे आपल्यासाठी काही असेल असं त्याला वाटतच नाही.

हे वेड त्यांना गावातही सोडत नसे. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही काही जण गेलो होतो. मांडवात मंगलाष्टकांची वाट बघत सगळे ताटकळलेले, भटजी घड्याळ बघतायत, आणि माइकवर सर. आम्हाला वाटलं, वधूवरांना दोन शब्द सांगतील. त्यांनी सांगितलं की मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या फी माफीचे अर्ज सोमवारी बंद होतायत आणि कोणाचा मुलगा, भाचा, शेजारी राहिला असेल तर त्याला उद्याच पाठवा. मांडव हसला. सरांच्या बायकोने, आम्ही त्यांना भाभी म्हणत असू, कपाळाला हात लावला. पण मंगळवारी स्टाफरूममध्ये सर खुशीत होते. त्या लग्नातल्या वाढप्याचा मुलगा अर्ज भरून गेला होता.

दिसायला साधे. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग, केस तेल लावून चापून बसवलेले. मोपेडच्या पुढच्या जागेत बऱ्याचदा घरच्या शेतातला केळीचा घड असायचा. तो वसतिगृहावर उतरवूनच ते आत येत. व्यासपीठावर चढताना चपला खाली काढून ठेवत. आवाज मात्र शरीराच्या मानाने फार मोठा होता. त्या आवाजाचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायचंही त्यांना सुचत नसे.

सायसिंग पावरा हा त्यांचा लाडका विद्यार्थी होता असं म्हणणं बरोबर नाही, कारण त्यांची सगळीच मुलं लाडकी. पण सायसिंग त्यांच्या मागे मागे असायचा. तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, बारीक, डोळे किंचित पिवळसर. भोंग्याची वायर ओढायला, खुर्च्या मांडायला तो आधी. काही दिवस मैदानावर चांगला पळायचा, काही दिवस पाय धरून पायरीवर बसून राहायचा. आम्हाला वाटे, आळस. त्याला पोलिसात जायचं होतं. सर त्याला म्हणत, "पळ रे, रोज पळ. अंग आपोआप तयार होतं."

त्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजची क्रॉसकंट्री होती. रविवारी सकाळी कॉलेजच्या फाटकापासून सुरू होऊन उसाच्या आणि केळीच्या शेतांमधून वळसा घालून परत. पहिल्या काही जणांना ट्रॅकसूट आणि विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला जायची संधी. सरांनी आठवडाभर भोंगा दणाणून सोडला. तिन्ही भाषांत. आदल्या दिवशी, शनिवारी, रक्त तपासायला आरोग्य खात्याची माणसं येणार होती. सिकलसेलची तपासणी. आमच्याकडे डोंगरातल्या बऱ्याच घरांत हा आजार आईबापांकडून मुलांकडे येतो आणि वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. ती सूचनाही सरांनी केली. पण ती यादीत शेवटी होती, आणि शेवटच्या सूचनेला तासाची घंटा व्हायची. "आणि शनिवारी रक्त तपासणी, ज्यांना वाटेल त्यांनी," एवढंच ऐकू यायचं.

शनिवारी तपासणीच्या टेबलापुढे मोजकीच मुलं होती. मी व्हरांड्यातून वर्गावर चालले होते. सायसिंग रांगेच्या टोकाला उभा होता. सर तिथून जाताना त्याने विचारलं, "सर, सुई टोचली तर उद्या पळता येईल ना?"

सर घाईत होते. उद्याचे बिल्ले त्यांच्या हातात होते. म्हणाले, "मग आज राहू दे. पुढच्या खेपेला करू." आणि त्याला बिल्ले वाटायला सोबत घेऊन गेले. त्या बोलण्यात वावगं काही होतं असं त्या क्षणी मलाही वाटलं नाही.

रविवारी सर एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, हातात बॅटरीचा भोंगा धरून, पळणाऱ्यांच्या बाजूने पुढेमागे फिरत होते. मागे पडलेल्यांना नावानिशी हाक मारत होते. सायसिंग शेवटी होता. मध्येच चालत होता. सर त्याच्या शेजारी आले आणि भोंग्यातून म्हणाले, "चल सायसिंग, चल. थांबू नको. आलंच." तो पुन्हा पळायला लागला. मोटारसायकल पुढे निघून गेली. थोड्या वेळाने केळीच्या मळ्यातल्या मजुरांनी आरडाओरडा केला, तेव्हा सगळे मागे वळले. शहाद्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की त्याला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि इतकं पळाल्यावर त्या नसांमध्ये अडकून बसतात.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. ऊसतोडीला खाली येणारा माणूस, त्यामुळे मोडकीतोडकी मराठी बोलायचा. प्राचार्यांच्या खोलीत खुर्ची दिली तरी जमिनीवर बसला. कोणावर ओरडला नाही. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्याने सरांकडे बघितलं आणि विचारलं, "पडला तवा पुढं व्हता का मागं?"

सर म्हणाले, "पुढे होता. सगळ्यांच्या पुढे."

बापाने मान हलवली. मग उठून निघाला.

त्यानंतर काही दिवस भोंगा बंद राहिला. मग सर पुन्हा सूचना द्यायला लागले, पण वर्गावर्गात जाऊन, हलक्या आवाजात. आधी रक्त तपासणी, दवाखान्याची वेळ, सगळ्यात शेवटी स्पर्धा आणि नोकऱ्या. आरोग्य खात्याला पुन्हा पुन्हा फोन करून त्यांनी तपासणी परत लावली आणि त्या दिवशी स्वतः रांगेत पहिले उभे राहिले. एक शेतकऱ्याचा पोरगा मागे सरकत होता. म्हणाला, "सर, माले सुईनं भ्याव लागस."

सर म्हणाले, "माले बी लागस. चाल, दोन्ही जन जाऊत." आणि त्याचा हात धरून टेबलाशी गेले. संध्याकाळपर्यंत तसेच एकेकाचा हात धरून आणत राहिले. परिचारिका हसून म्हणाली की सरांना आता इथेच नोकरीला ठेवा. सर हसले नाहीत. त्या दिवशी काही मुलांना आजार निघाला. त्यांची औषधं सुरू झाली. मी म्हटलं, "सर, केवढं काम झालं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. व्हरांड्यातलं ते बोलणं मी ऐकलं होतं हे त्यांना माहीत होतं. "ही पुढची खेप होती, मॅडम," एवढंच म्हणाले.

मैदान आडवं ओलांडून जाणं त्यांनी सोडलं. मोपेड फाटकाशी लावून कुंपणाच्या कडेने लांबून येत. कोणी पळत पायऱ्या चढलं की वर्गात शिकवता शिकवता थांबत, ती पावलं वर पोचून शांत होईपर्यंत खडू हातात धरून उभे राहत. मुलांना वाटे, सर रागावले. एकदा दुपारी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "तुम्ही आत्ता हाक मारली का?" मी नाही म्हटलं. म्हणाले, "कोणीतरी 'सर' म्हणालं." व्हरांडा रिकामा होता. सुट्टीचा दिवस होता, आम्ही दोघं पेपर तपासायला आलो होतो. ते दारापर्यंत जाऊन बाहेर बघून आले आणि पुन्हा पेपर तपासायला लागले.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाचं बक्षीस वाटप आलं. प्राचार्यांनी आग्रह केला की विजेत्यांची नावं सरांनीच पुकारावीत, किती दिवस असं चालणार. सर चपला काढून व्यासपीठावर गेले. फुंकर मारली नाही. वक्तृत्व, रांगोळी, कबड्डी, सगळी नावं नीट झाली. मुलं एकेक करून वर येत होती. मग धावण्याच्या शर्यतीचा पहिला क्रमांक. सरांनी कागदाकडे बघून म्हटलं, "सायसिंग पावरा."

जुनी मुलं गप्प झाली. नव्या मुलांना काय माहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बराच वेळ वाजल्या, कारण वर कोणी येत नव्हतं आणि सर पायऱ्यांकडे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याचं काही नव्हतं. ते खरोखर वाट बघत होते. मला ते बघवेना, मी मान खाली घातली. शेवटी प्राचार्यांनी उठून त्यांच्या कानात काही सांगितलं. सरांनी कागदाची घडी केली, माइक बंद केला आणि मागच्या बाजूने उतरून गेले. चपला पुढेच राहिल्या. त्या मी नंतर त्यांच्या टेबलाखाली नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "ताई, मला वर, सायसिंगच्या पाड्यावर जायचंय. त्या माणसाला मी खोटं सांगितलं." मला ताई म्हणण्याची ती पहिली वेळ. हिवाळी शिबिर त्या वर्षी तोरणमाळला होतं. मुलींच्या गटासोबत मी जाणार होतेच. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं जीपने घाटातल्या एका फाट्यावर उतरलो आणि तिथून पाड्यापर्यंत चालत गेलो. चढ उभा होता. सर सारखे थांबत होते, दम लागला म्हणून असेल.

बाप अंगणात सुतळी वळत बसला होता. त्याने ओळखलं. मुलीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. ती सायसिंगची धाकटी बहीण, त्याच्यासारखीच बारीक. शेजारचे दोघेतिघे येऊन बसले. त्यातला एक म्हातारा मला कौतुकाने सांगायला लागला की आमचा पोरगा सगळ्या कॉलेजात पुढे पळत होता. बाप खाली बघून सुतळी वळत राहिला.

सरांनी पाण्याचा लोटा तसाच खाली ठेवला. पावरीत बोलायला सुरुवात केली, मग शब्द सुचेनात म्हणून मराठीवर आले. "तो पुढे नव्हता. शेवटी होता. चालत होता. मी त्याला भोंग्यातून पळ म्हणालो, म्हणून पळाला. आणि आदल्या दिवशी तो रक्त तपासायला उभा होता. मीच त्याला नंतर कर म्हणालो."

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. बापाची बोटं थांबली. तो म्हणाला, "मागंच व्हता. मला माहीत व्हतं."

सर म्हणाले, "मग विचारलं कशाला?"

"ल्हानपणापासून त्याचे पाय दुखत. रडायचा. घाट चढताना आम्ही वर पोचून त्याची वाट बघायचो. तो काय पुढं पळंल." मग म्हणाला, "तुम्ही पुढं म्हटलं. मंग मी इथं येऊन तेच सांगितलं. त्याच्या आईला बरं वाटलं."

तेवढ्यात मुलगी दारातून काहीतरी म्हणाली आणि लगेच तोंडाला हात लावून लाजली. मी बापाला विचारलं, काय म्हणते. तो म्हणाला, "सायसिंग सुट्टीला आला की मक्याचं कणीस तोंडापुढं धरायचा. तुमच्यावाणी बोलायचा. कान इकडं, मंडळी. उद्या बकऱ्या वरच्या अंगाला जातीन. परवा मोलगीचा बाजार. असं. सगळा पाडा हसायचा."

सरांनी तोंड फिरवलं. बापाने सुतळी बाजूला ठेवली आणि त्यांच्या जवळ सरकून बसला. हात लावला नाही, नुसता बसला. ऊन पलीकडच्या कड्यावर गेलं तरी दोघं तसेच होते. निघताना सरांनी एकच मागणं मागितलं, मुलीला रक्त तपासायला खाली पाठवा. बापाने मुलीकडे बघितलं. "तुम्हीच घेऊन जा," म्हणाला. "पण सुई टोचून झाल्यावर परत आणून सोडा. तुम्ही स्वतः."

सरांनी तसंच केलं. तिला आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्या संपायच्या आत नव्या पोचवायचं काम सरांनी आपल्याकडे घेतलं. बारावीनंतर ती आमच्याच कॉलेजात आली. आता शेवटच्या वर्षाला आहे. ती मैदानावर आली तरी सर तिच्याशी फार बोलत नसत. दुरून बघत. तीही मोठी शहाणी, येताजाता मुद्दाम त्यांच्या खिडकीवरून सावकाश चालत जायची.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला माइकवर बोलले नाहीत. हात जोडले आणि बसले. त्यानंतर सूचना मोबाइलवर येऊ लागल्या. सगळ्या मुलांच्या गटावर रोज सकाळी लांबलचक यादी पडते: नोकरी मेळावा, शिष्यवृत्ती, कार्यशाळा, शिबिरं. मीही ती पूर्ण वाचत नाही. एकदा बाजारात भाभी भेटल्या. मी सरांची चौकशी केली. म्हणाल्या, "शेतात जातात. केळीच्या बागेत एकटेच बोलतात. मी एकदा आडून ऐकलं. नोकरी मेळाव्याची तारीख सांगत होते." मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

क्रॉसकंट्री मधली काही वर्षं बंद होती, यंदा पुन्हा झाली. रक्त तपासणीचा दाखला असल्याशिवाय बिल्ला नाही, डॉक्टर सोबत, पाठीमागे जीप. त्या जीपमध्ये मी होते, पाण्याच्या बाटल्या आणि ग्लुकोज घेऊन. थंडी होती, उसाच्या पाचटावर दव होतं. केळीच्या मळ्याच्या वळणावर पोचलो तर रस्त्याच्या कडेला सर उभे. अंगावर शाल, बाजूला पाण्याची कळशी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वळणावर मागे पडलेला एक मुलगा पोट धरून चालत होता. सरांनी त्याला काही न बोलता खांद्याला धरून बांधावर बसवलं, बूट सैल केले, पाणी दिलं. डॉक्टरांनी उतरून त्याला तपासलं, ठीक आहे म्हणाले, आणि आम्ही त्याला जीपमध्ये घेतलं.

मी म्हटलं, "सर, चला, तुम्हीही बसा. संपली शर्यत."

ते रस्त्याच्या मागच्या बाजूला बघत होते. जिथून मुलं आली होती तिकडे. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये ओला रस्ता, त्यावर कोणी नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, मांगे आते कोनी नही. हाऊ शेवटला व्हता."

"तुम्ही व्हा पुढे," सर म्हणाले. "मी येतो."

जीप निघाली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. त्यांनी कळशीतून पेला भरून घेतला होता आणि तो हातात धरून, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून ते उभे होते.